फुटक्या कोशाच्या काठ्या

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी माझा जुना फोटो टाकला. खांद्यावर शाल, हातात प्रमाणपत्र आणि पुढच्या टेबलावर ओळीने मांडलेल्या ढोल वाजवायच्या काठ्या. खाली लिहिलं होतं, 'प्रेरणादायी! टाकाऊतून संगीत.' संध्याकाळपर्यंत अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा ढीग पडला. एका तरुण शिक्षकाने लिहिलं, 'सर, आम्हालाही शिकवा ना.' मी फोन पालथा ठेवून दिला. रात्री जेवताना बायको म्हणाली, "वरण झालं असेल ढवळून तर खा आता." मी कितीतरी वेळ नुसता चमचा वाटीत फिरवत बसलो होतो.

त्या टेबलावरच्या एकाही काठीला मी दोऱ्याचा एक फेरासुद्धा दिलेला नाही. त्या सगळ्या गिरजाबाईंच्या होत्या. हे आमच्या शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणीही कधी बोललं नाही. सगळ्यात आधी मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, एवढंच नाही. पुढे मी जे केलं ते त्याहून वाईट होतं. तेही सांगतो. पण आधी बाईंबद्दल सांगतो, कारण माझ्या पापाचा हिशेब देताना त्यांचं माणूसपण पुन्हा एकदा बाजूला पडायला नको.

गडचिरोली जिल्ह्यात, वडसा आणि आरमोरीच्या मधल्या भागात एका निवासी आश्रमशाळेत मी मराठी शिकवतो. गिरजाबाई तिथे स्वयंपाकाला होत्या, रोजंदारीवर. ढिवर समाजातल्या. माहेरी आणि सासरीही कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं काम. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांवर किडे वाढवायचे, त्यांचे कोसे उतरवायचे, सूत काढायचं. बाई ठेंगण्या, मनगटं मात्र गड्यासारखी. अंबाड्यात कायम एक दाभण खोचलेला. पोतं शिवायचं असो, चप्पल शिवायची असो की एखाद्या पोरीच्या टाचेतला काटा काढायचा असो, हात डोक्याकडे जायचा आणि दाभण बाहेर यायचा. पोरं त्या दाभणाला भीत आणि बाईंना मुळीच भीत नसत.

त्या सगळ्यांशी बोलत. भाताशीही बोलत. "आता उतू जाशीन तं पाह्यजो," असं पातेल्याला बजावत. मुख्याध्यापकांना त्यांनी 'उद्याचे सर' असं नाव ठेवलं होतं, कारण काहीही मागा, सर म्हणत, उद्या पाहू. हे नाव मुख्याध्यापक सोडून सगळ्यांना माहीत होतं.

कुठल्याशा निधीतून शाळेला बँडचा संच मिळाला होता. एक मोठा ढोल, चार लहान, झांजा आणि एक काष्ठतरंग, म्हणजे लाकडी पट्ट्या ओळीने मांडलेलं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य. आधीच्या शाळेत मी पोरांची लेझीम बसवली होती, तेवढ्या पात्रतेवर बँड माझ्या गळ्यात पडला. वर्षभरातच सगळ्या काठ्यांची बोंडं उडाली. काठीच्या टोकाला जो मऊ गोळा असतो, त्याला पोरं बोंड म्हणत. कापसाच्या बोंडासारखा दिसतो म्हणून. नव्या काठ्या नागपूरहून आणाव्या लागल्या असत्या. उद्याचे सर म्हणाले, उद्या पाहू. तेव्हा पोरांनी काठ्यांना जुने पायमोजे बांधले आणि त्यावर सराव सुरू झाला.

एका सकाळी सरावाच्या मध्येच गिरजाबाई हातात झारा घेऊन मैदानात आल्या. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचा ढोल खोकलून राह्यला जी."

पोरं हसली. मला राग आला. मी म्हणालो, बाई, तुम्ही भात बघा. त्या गेल्या. चौथ्या दिवशी परत आल्या, पदराखाली दोन काठ्या घेऊन. काही न बोलता मोठ्या ढोलाशी उभ्या असलेल्या पोराच्या हातातल्या मोजेवाल्या काठ्या काढून घेतल्या आणि या दिल्या. पोराने हाणलं. त्या आवाजाचं वर्णन मला करता येत नाही. ढोल पहिल्यांदाच पोटातून बोलला, एवढंच म्हणतो.

त्या काठ्यांत विकत घेतलेलं काहीच नव्हतं. दांडा भरीव वेळूचा. थंडीत तोडलेला, सावलीत वाळवलेला, चुलीच्या निखाऱ्यावर धरून सरळ केलेला आणि काचेच्या तुकड्याने पेरं तासून गुळगुळीत केलेला. बोंड फुटक्या कोशाचं. आतला पतंग बाहेर पडला की कोशाला भोक पडतं, त्याचा अखंड धागा निघत नाही, असे कोसे घरोघरी टोपलीत पडून असतात. त्या भोकातून दांड्याचं टोक आत जायचं, टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. मग वरून जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर. लोकरीचा प्रत्येक फेरा शेंड्यावरून जायचा आणि दर फेऱ्याला काठी थोडी फिरवायची, म्हणजे गोळा सगळीकडून सारखा भरतो. ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. शेवटी दाभणाने शेंड्याला आणि बुडाला टाके.

हे सगळं मी दुरून पाहिलं. हा 'दुरून' महत्त्वाचा आहे. आमच्या शाळेत शिक्षक स्वयंपाकघरात जात नसत. तसा नियम नव्हता, पण पद्धत होती. तपासणीच्या दिवशी दारातून डोकावायचं, वास चांगला येतोय म्हणायचं आणि परत फिरायचं. आणि स्वयंपाकाच्या बायका वर्गात किंवा शिक्षकांच्या खोलीत येत नसत. मीही ती पद्धत पाळली. बाई काठ्या बाहेरच्या ओट्यावर बसून गुंडाळत, तेवढंच मला दिसलं. आत काय होतं, ते मी विचारलं नाही.

बाईंनी काठ्यांचे तीन प्रकार केले होते. पेज, भात आणि फुटाणा. पेज म्हणजे सैल गुंडाळलेली मऊ काठी, मोठ्या ढोलासाठी. भात मधला. फुटाणा घट्ट आणि टणक, काष्ठतरंगासाठी. काठी झाली की स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर ठोकून पाहत. पेज ठोकताना हसत, फुटाणा ठोकताना तोंड वाकडं करत. पोरंही मग गुडघ्यावर ठोकून बघू लागली. सरावाच्या वेळी कुणी ओरडायचं, "बाई, याचा भात कच्चा राह्यला," आणि बाई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या, "आन इकडं, अजून वाफ देतो." मी याला विनोद समजत होतो. तो विनोद नव्हता, हे कळायला मला फार वेळ लागला.

काठी ज्याच्या हातात जायची त्याचा हात त्या आधी मापून घेत. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. सुनीता नावाची सातवीतली मुलगी काष्ठतरंग वाजवायची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी वाढली की तिची मनगटं दुखत आणि काठी हातातून सुटायची. मी तिला बँडमधून काढायचं ठरवलं होतं. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. तिच्यासाठी दोन हलक्या काठ्या केल्या आणि मुठीच्या जागी जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून मूठ जाड केली, म्हणजे बोटं फार आवळावी लागणार नाहीत. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात सुनीता पूर्ण वेळ वाजवत होती. टाळ्या पडल्या तेव्हा मी मंचावर होतो आणि बाई जेवणाची पातेली उतरवत होत्या. आता लिहिताना हे दिसतं. तेव्हा ते मला अगदी साहजिक वाटलं होतं.

मग कमी खर्चातल्या शैक्षणिक साहित्याची स्पर्धा आली. उद्याचे सर यावेळी उद्या म्हणाले नाहीत. शाळेचं नाव होईल म्हणाले. अर्जात एका ओळीत शिक्षकाचं नाव लिहायचं होतं. ती पद्धतच मला आज संतापजनक वाटते. जगातली प्रत्येक कल्पना शिक्षकाच्याच डोक्यातून निघते, असं धरून तो अर्ज छापलेला होता. पण मी अर्जामागे लपणार नाही, कारण खाली 'सहकार्य' असा दुसरा रकाना होता, चांगला दोन ओळींचा. त्यात मी मुख्याध्यापकांचं नाव लिहिलं. ज्यांनी उद्या पाहू म्हणण्यापलीकडे काही केलं नव्हतं त्यांचं. बाईंचं नाव लिहिलं तर परीक्षक विचारतील, मग तुम्ही काय केलं, ही भीती होती. उत्तर मला माहीत होतं.

जायच्या दिवशी बाईंनी पंधरा काठ्या स्वच्छ धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून दिल्या. म्हणाल्या, पेज खाली ठेवजा, दबली तं चालते, फुटाणा वर. परीक्षकांसमोर मी अर्धा तास बोललो. 'मी विचार केला', 'माझ्या असं लक्षात आलं', 'मी प्रयोग करून पाहिला'. एरवी चार वाक्यांत दमणारा माणूस मी. त्या दिवशी जिभेला पंख फुटले होते.

पहिला क्रमांक आला. शाळेत पेढे वाटले, स्वयंपाकघरातही एक पुडा गेला. दुपारी मी ओट्याजवळून जात असताना बाईंनी थांबवलं. हात पिठाने भरलेले होते.

"मायं नाव घेतलं का जी तिथी?"

"घेतलं ना," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर घेतलं."

बाईंचा चेहरा असा उजळला की मला नजर वळवावी लागली. त्या आत गेल्या आणि दुसऱ्या बाईला सांगू लागल्या, "मायं नाव घेतलं म्हणे सरानं, साहेब लोकायच्या समोर." त्या दिवसापासून आठवडाभर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होत्या. दूधवाल्याला, पोरांच्या आईबापांना. ज्यांना खरं माहीत होतं त्यांनी ऐकून घेतलं. कुणी त्यांना खरं सांगितलं नाही, कुणी मला येऊन जाब विचारला नाही. सहा शिकलेली माणसं होतो आम्ही त्या शाळेत.

पुढचं प्रमाणपत्रामुळेच झालं. तालुक्यातल्या इतर शाळांच्या शिक्षकांना मी काठ्या करायला शिकवाव्यात आणि त्या काठ्यांवर सगळ्या शाळांच्या मुलांनी सव्वीस जानेवारीला एकत्र बँड वाजवावा, असा आदेश आला. मार्गदर्शक मी. आता मला बाईंना विचारायला हवं होतं, की कोसा दांड्यावर एवढा पक्का कसा बसतो. पण विचारलं असतं तर मला येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं. आरमोरीकडे कोशाचं सूत काढणाऱ्या बायका कोसे राखेच्या पाण्यात उकळताना मी पाहिल्या होत्या. कोशाचं काम म्हणजे उकळणं, असं मी ठरवून टाकलं. फळ्यावर लिहिलं, 'कोसे राखेच्या पाण्यात अर्धा तास उकळावेत.' तीस शिक्षकांनी वहीत उतरवून घेतलं. इथे जन्मलेलं कुठलंही पोर सांगू शकलं असतं, की राखेचं पाणी कोशाचा सगळा चिकटपणा काढून घेतं, त्यासाठीच तर ते वापरतात. तीस शिक्षकांपैकी एकानेही हात वर केला नाही. फळ्यावर लिहिलेलं होतं ना.

सव्वीस जानेवारीला मैदान भरलेलं होतं आणि आमच्या पोरांच्या हातातही नव्याच काठ्या होत्या. तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला पहिलं बोंड निसटलं. मग एकामागून एक. लोकरीचे गोळे मैदानभर घरंगळू लागले. एक थेट पाहुण्यांच्या सोफ्यावर जाऊन पडला आणि एका साहेबांनी तो दोन बोटांत धरून उंच केला, मेलेला उंदीर धरावा तसा. लोक हसले. पोरं बिचारी शिकवल्याप्रमाणे वाजवत राहिली, उघड्या दांड्यांनी, आणि मोठ्या ढोलाचं कातडं फाटलं. परतताना गाडीत पोरं रडत होती. सुनीता रडत नव्हती. तिच्या हातात तिच्या जुन्याच काठ्या होत्या, बाईंच्या. त्यांना काहीही झालं नव्हतं. ती माझ्याकडे एकटक पाहत होती. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तीन दिवसांत खुलासा मागितला. तो मी लिहिला, माझ्या सुंदर अक्षरात. 'काठ्या तयार करण्याचे काम शाळेतील स्वयंपाकी महिलेकडे सोपविले होते. तिने निकृष्ट साहित्य वापरल्याने सदर प्रकार घडला.' काठ्या त्या तीस शिक्षकांनी माझ्या फळ्यावरून केल्या होत्या, पण त्यांतल्या कुणीही हरकत घेतली नाही. बक्षिसाच्या वेळी जिचं नाव मला आठवलं नाही, ती बाई दोष द्यायच्या वेळी मला बरोबर आठवली. तिथेही नाव लिहिलं नाहीच. 'स्वयंपाकी महिला'.

रोजंदारीच्या बाईला नोटीस लागत नाही. सोमवारपासून येऊ नका, एवढं सांगितलं की झालं. मुख्याध्यापकांनी तेही शिपायाकरवी सांगितलं.

सोमवारी बाई आल्या. शिक्षकांच्या खोलीच्या दारात, चपला बाहेर काढून, पायरीखाली उभ्या राहिल्या. आम्ही सहाजण आत होतो.

"सर, त्या काठ्या माह्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माह्या असत्या तं निघाल्या नसत्या. तुमी मले विचारलं असतं तं सांगितलं असतं मी. कोनाले सांगितलं नसतं, तुमाले येत नाई म्हणून."

मी हजेरीपट उघडून बसलो. एकाने पेपर वर केला. बाई थांबल्या. कुणालाही एक वाक्य बोलायला पुरेल इतका वेळ. त्यांना वाद घालायचा नव्हता. माझ्या तोंडून 'हो, बाईंच्या नव्हत्या' एवढं हवं होतं, म्हणजे काम राहिलं असतं. घंटा झाली. मी उठलो आणि त्यांच्या शेजारून वर्गावर गेलो. त्यांनी अंग चोरून मला वाट दिली. शिक्षक जातोय म्हणून वाट दिली!

माझ्या आयुष्यात मी ज्या गोष्टींवर चिडतो त्यांची यादी मोठी आहे. खोटी हजेरी, मुलांच्या ताटात पडणारं पातळ वरण, भाषणात 'आदिवासी बांधव' म्हणणारे पाहुणे. शिक्षकांच्या खोलीत मी त्यावर तावातावाने बोललोही आहे. पण त्या घंटेनंतर मी जे बोललो ते सगळं ढोंग होतं.

कोसा दांड्यावर पक्का कसा बसतो, ते दोन महिन्यांनी सुनीताने मला सांगितलं. विचारलं नव्हतं मी. वही तपासून घ्यायला आली आणि म्हणाली, "बाई कोसे भाताच्या वाफेवर ठेवत होत्या, सर. उकळत नव्हत्या." भाताच्या पातेल्यावर फडकं बांधून त्यावर कोसे ठेवायचे. वाफेने कोशातला चिकटा फक्त मऊ होतो. तेवढ्यात दांडा घालून मुठीत दाबायचा. थंड झाला की चिकटा पुन्हा आवळतो आणि दांडा जन्माचा धरून ठेवतो. म्हणून काठ्या स्वयंपाकघरात होत होत्या. म्हणून बाई पोरांना 'वाफ देतो' म्हणत होत्या. रोज दोन वेळा माझ्यापासून पंधरा पावलांवर ते चाललं होतं आणि मी दारातून वास घेऊन परत येत होतो.

हे कळल्यावर मी खुलासा मागे घेतला का? नाही. प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं, एवढंच. आठ-नऊ वर्षं गेली.

त्या फोटोनंतरच्या रविवारी मी मोटरसायकल काढून बाईंच्या गावी गेलो. घर शोधावं लागलं नाही; "काठीवाल्या गिरजाबाई" म्हटल्यावर लोकांनी हात दाखवले. दारातच बसल्या होत्या, केस पांढरे झालेले, पुढ्यात वेळूच्या दांड्यांचा भारा. वडशाच्या बँडवाल्यांचं आणि दोन नाटक कंपन्यांचं काम असतं म्हणाल्या, हिवाळ्यात उसंत नसते. "या जी सर, बसा," म्हणून पाणी दिलं. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी बायकोची, पोरांची चौकशी केली. सुनीता गडचिरोलीला नर्सिंग करते, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मग मी सांगायला लागलो. अर्ज, रकाना, 'घेतलं ना' ही थाप, राखेचं पाणी, खुलासा. बाई गुंडाळत होत्या. मी मध्ये अडखळलो तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

"हे मले काऊन सांगता?" त्या म्हणाल्या. "मले तं माहीत आहे. ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

मी म्हणालो, सांगतो.

"लिवून सांगा. तोंडानं सांगान तं मंधातच थांबान तुमी."

कामावर परत घ्यायला मुख्याध्यापकांशी बोलू का, असं मी विचारलं. मोठेपणाची खोड अजून गेलेली नव्हती. बाई हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच. "राहू द्या. तुमच्या तांदळात खडे लय राहत."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. ते माझ्या कानाने ऐकलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. प्रमाणपत्र परत घ्या आणि माझा खुलासा खोटा होता अशी नोंद करा, असं पत्र मी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात दिलं. लेखी उत्तर आलं नाही. एका ओळखीच्या लिपिकाचा फोन आला: सर, परत घ्यायची तरतूद नाही, आणि आता कोण विचारतंय, कशाला उकरता? कोण विचारतंय! जिला दारात उभं करून आम्ही सहाजण मुके झालो, तिने विचारलं होतं. व्हॉट्सॲप गटावर मी लिहिलं तेव्हा दोघांनी 'सर, तुमचा विनम्रपणा' असं लिहून हात जोडले. म्हणून आता हे असं सगळं, पुरतं, लिहिलं आहे. तिचं नाव गिरजाबाई. कल्पना तिची, हात तिचे. चूक आणि खोटेपणा माझा.

त्या रविवारी निघताना मी गाडीला किक मारत होतो आणि ती लागत नव्हती. बाईंनी नवा दांडा उचलून डोळ्यासमोर धरला होता, एक डोळा मिटून, वाक आहे का ते पाहत. समोरच्या घरातली बाई कुंपणाशी आली आणि तिने विचारलं, कोन व्हय गं ते, कवाचे बसून होते.

गिरजाबाईंनी दांड्यावरची नजर काढली नाही.

"शाळेतले सर व्हय," त्या म्हणाल्या. "बोलाले शिकून राह्यले."